गयाबाईची नाईट ड्यूटी

भिलाईत नवी ओळख झाली की माणूस आधी नाव विचारत नाही. "कोणती ड्यूटी?" असं विचारतो. फर्स्ट, सेकंड की नाईट एवढं कळलं की माणूस कळला. त्याच्या घरी कोणत्या वेळी गेलं तर चहा मिळेल, कोणत्या वेळी त्याची बायको शेजारणीची उणीदुणी काढायला मोकळी सापडेल आणि कोणत्या वेळी कडी वाजवली तर शिव्या खाव्या लागतील, सगळं त्या एका शब्दात आलं. दुपारी पोरांनी गलका केला की आया दबक्या आवाजात ओरडायच्या, "गप रे, बाबाची नाईट ड्यूटी आहे." आमच्या सेक्टर सहातल्या एका पोरानं शाळेच्या निबंधात लिहिलं होतं की रात्री चंद्राची ड्यूटी असते. मास्तरांनी ते चूक धरलं नाही. मास्तरही भिलाईचेच.

तेव्हा गयाबाईला हसायचं असेल तर एवढं ध्यानात ठेवून हसा.

गयाबाई राहायची कॅंप-एकमध्ये, हिरालालच्या पानठेल्याच्या मागं. मधे फक्त एक टिनाचा पत्रा. इकडं हिरालाल चुना लावायचा, तिकडं ती फोडणी घालायची, आणि आमच्यासारखे रिकामटेकडे पान खाता खाता फोडणीचा वास फुकट घ्यायचे. मी प्लांटात, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्यात, बाबू होतो. ऑफिस सुटलं की सायकल त्या ठेल्याकडं आपोआप वळायची. घरी आमची साधना विचारायची, "पान एवढं लांबचं कावून लागते तुम्हाले?" आता पानात गोष्टी गुंडाळून मिळतात हे बायकोला कसं सांगणार?

ती मूळची साकोलीकडची. नवरा नरहरी प्लांटच्या विस्ताराच्या वेळी ठेकेदाराच्या कामावर आला आणि तीनचार वर्षांत काविळीनं गेला. मूलबाळ नव्हतं. तेराव्यानंतर दीर धोंडबा न्यायला आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या बायकोची जीभ साऱ्या तालुक्यात प्रसिद्ध होती. गयाबाईनं त्याला जेवू घातलं आणि सांगितलं, "भाऊजी, आता आली तर जनमभर तुमच्या ताटाखालचं मांजर होऊन राहीन. माही चूल मले इथंच मांडू द्या. ज्या दिवशी ती इझन, त्या दिवशी या न्यायले."

धोंडबा परत गेला, आणि तिची चूल पेटली ती पंधरा वर्षं काही विझली नाही.

नंदिनी रोडवर त्या वेळी लहान लहान रोलिंग मिल्स होत्या. प्लांटचे जुनेपाने तुकडे घ्यायचे, भट्टीत लाल करायचे आणि रोलमधून ओढून सळया काढायच्या. तिथला माणूस हातात लांब चिमटा घेऊन उभा असतो. रोलमधून सापासारखी लाल सळई सळसळत बाहेर आली की तिचं तोंड चिमट्यात धरायचं आणि पुढच्या रोलमध्ये घालायचं. चुकला तर सळई त्याला धरते. असल्या एका मिलमधल्या लोकांचे डबे गयाबाईकडं होते. आपल्याच भंडारा-बालाघाटकडची एकटी माणसं, खोल्या करून राहणारी. फर्स्ट आणि सेकंडचे थोडे, नाईटचे मात्र चौदा. खरं घर चालायचं ते नाईटवर, कारण रात्रीच्या वेळी नंदिनी रोडवर दुसरं काहीच खायला मिळायचं नाही.

तिला घड्याळ वाचता येत नव्हतं, पण वेळ चुकायची नाही. डब्याच्या कडीला दोरा बांधलेला असायचा. लाल दोरा फर्स्टचा, हिरवा सेकंडचा, काळा नाईटचा. आठाच्या सुमारास बाबुलाल सायकलला आकडे लावून यायचा आणि काळ्या दोऱ्याचे डबे टांगून न्यायचा. बाबुलाल अहिवाऱ्याकडचा छत्तीसगढी गडी, वयानं तिच्याएवढाच, पण तिला 'दाई', म्हणजे आई, म्हणायचा. परत येताना रिकामे डबे असे खणखणायचे की वस्तीतली कुत्री आधी भुंकायची आणि मग ओळखून गप बसायची.

पोळ्या तिच्या मोठ्या. एकदा गहू महागला तेव्हा मी शहाणपणा शिकवायला गेलो. म्हटलं, "गयाबाई, पोळी जराशी लहान केली तर कोणाले समजते?"

"भाऊ," ती म्हणाली, "तुमी कलम धरता. चिमटा धरणाऱ्याले समजते."

मी पान थुंकायचं निमित्त करून सटकलो.

आता बजेटच्या दिवसाची गोष्ट. त्र्याण्णव साल असावं. त्या काळी बजेट फेब्रुवारीच्या शेवटी, संध्याकाळी पाच वाजता यायचं. हिरालालसाठी तो सणच. आठ दिवस आधी त्याच्या दुकानातून सिगारेटी गायब व्हायच्या आणि "ऊपर से माल नहीं आ रहा" असं तो इतक्या दुःखानं सांगायचा की जणू घरात कोणी आजारी आहे. माल वरूनच येत नव्हता, ही गोष्ट खरी होती. वर माळ्यावर भरलेला असायचा.

त्या दिवशी ठेल्यावर ही गर्दी. बजेट इंग्रजीत, आणि इंग्रजी समजणारा एकच, आमचा देवराव. प्लांटच्या हिशेब खात्यातला. ट्रान्झिस्टर कानाला लावायचा, एक डोळा मिटायचा आणि ऐकलेलं हिंदीत ओरडून सांगायचा, जणू अर्थमंत्र्यांनी त्यालाच विचारून सगळं ठरवलंय. लोक सिगारेटीसाठी ताटकळलेले, आणि हा एकेक भलतंच काढून राहिला.

"लोहे पर ड्यूटी कम!" देवराव ओरडला. "आज आधी रात से लागू!"

"अरे, सिगरेट का बताओ!" कोणीतरी कावलं.

पत्र्याच्या पलीकडं मात्र लाटण्याचा आवाज थांबला. आम्हाला तेव्हा ते जाणवलं नाही. सिगारेट महागली आणि आम्ही हिरालालच्या माळ्याकडं बघत बसलो.

गयाबाईनं ऐकलं ते एवढंच : लोहे पर ड्यूटी कम, आज आधी रात से. मिल लोखंडाची. आधी रात म्हणजे मध्यरात्र, तेव्हाची ड्यूटी म्हणजे नाईट, तीच कमी केली. सरकारनं रेडिओत सांगितलं म्हणजे झालंच. तिनं मळलेली कणीक ओल्या फडक्यात झाकली, चुलीवर पाणी मारलं आणि बाबुलाल आला त्याला म्हणाली, "आज जाय घरी. नाईट ड्यूटी बंद झाली." बाबुलालनं एक शब्द विचारला नाही. सुट्टीचं कारण विचारणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

सकाळी नाईटचा मिस्त्री टिकाराम सरळ तिच्या दारात. अंगावर भट्टीची धूळ, डोळे लाल.

"गयाबाई! डबे कुठी गेले?"

"कावून? ड्यूटी तं बंद झाली न तुमची?"

"कोनं सांगतलं?"

"सरकारनं!"

टिकारामनं आ केला तो मिटेचना. "सरकारले माह्या ड्यूटीचं का मालूम? रातभर सळया ओढल्या आमी, उपाशी. तो गुलाब तं पाणी पिऊन पिऊन मशकीसारखा फुगला!"

"मी सोता ऐकलं," गयाबाई हटेना. "ह्या पत्र्याच्या आडून. आधी रात से."

तेवढ्यात हिरालालच्या ध्यानात आलं. तो हसला तो इतका की अडकित्त्यानं बोट कापून घेतलं. संध्याकाळी देवरावला पकडून आणलं, तेव्हा त्यानं पान गालात सरकवून खुलासा केला, "अहो बाई, ती ड्यूटी वेगळी. ड्यूटी म्हणजे जकात. परदेशातून लोखंड येतं तेव्हा बंदरावर सरकार जकात घेतं. ती कमी केली. लोखंड स्वस्त होईल. चांगलंच आहे की!"

"म्हंजे टिकारामची ड्यूटी राहीन?"

"राहील हो! तिचा ह्याच्याशी काय संबंध?"

"मंग बरं," ती म्हणाली आणि आत गेली. त्या रात्री चौदाही डब्यांत तिनं वरून एकेक मूठ जवसाची चटणी जास्त घातली.

पण असली गोष्ट कुठं पत्र्याआड राहते! ती सेक्टर सहात मीच नेली. पोटात ठेवली असती तर मला अपचन झालं असतं. साधनानं ती हळदीकुंकवात वाढली आणि आठ दिवसांत गयाबाईचं नाव 'बजेटबाई' पडलं. कॅंपातलं कोणीही जाता येता विचारायचं, "काय बजेटबाई, आज नाईट आहे का बंद?" हिरालाल तर रोज आठाच्या ठोक्याला पत्र्यावर थाप मारायचा, "आधी रात से!" ती सुरुवातीला लाजायची, मग चिडायची, मग नुसतं "हासा, हासा" म्हणायला लागली. माणसाला चिडवण्याचीही सवय होते, आणि चिडवणाऱ्यालाही.

पुढची गोष्ट सावकाश झाली, म्हणून कोणाच्या ध्यानात आली नाही.

पहिल्यांदा बाबुलालनं आणली. "माल नइ उठत हे, दाई," तो म्हणाला. मिलच्या आवारात सळयांचे भारे पडून होते. पावसाळा गेला तसे ते तांबूस झाले. तिकडं रस्त्यावरच्या व्यापाऱ्याकडं विशाखापट्टणमच्या बंदरावरून ट्रक यायला लागले होते. त्यातलं लोखंड कोणत्या देशाचं ते कोणाला वाचता येईना, पण भाव सगळ्यांना वाचता येत होता. पुढच्या बजेटात जकात आणखी उतरली. देवरावनं तेही ओरडून सांगितलं. या वेळी पत्र्याआड लाटणं थांबलं नाही. तिला आता माहीत होतं की ती ड्यूटी वेगळी.

मग मिल एक आठवडा नाईट चालवायची, एक आठवडा नाही. पगार पुढं ढकलले जायला लागले. एक दिवस गुलाब आला, जमिनीकडं बघत म्हणाला, "बाई, मी आन् रूपचंद एकच डबा घेतो. दोघाले पुरते."

"तुले एकट्याले पुरत नाही, दोघाले कसा पुरीन?"

"पुरते," तो म्हणाला.

तिनं त्या डब्याला दोन काळे दोरे बांधले आणि त्यात जवळजवळ दोघांचं भरायला लागली. तिचा हात मला पत्र्याच्या फटीतून दिसायचा. अशानं डबेवालीचं गणित बसत नाही, हे सांगायला हिशेब खात्यातला माणूस लागत नव्हता. पण या वेळी मी काही शिकवायला गेलो नाही.

दिवाळी झाली आणि त्यानंतरच्या एका संध्याकाळी टिकाराम आला. दिवे लागायची वेळ. गयाबाई तव्यापुढं बसलेली, कणीक अर्धी संपलेली. टिकाराम दारात उभा राहिला. आत आला नाही.

"गयाबाई, आजपासून नाईट ड्यूटी बंद."

पलीकडून हिरालालनं पत्र्यावर थाप मारली. "आधी रात से क्या?" आणि ठेल्यावरचे सगळे खोखो हसले. मीही त्यातच होतो.

"हो हो," गयाबाई पोळी उलटवत म्हणाली, "सरकारनं सांगतलं न? जाय रे टिकाराम, दोन साल झाले, आता तं पुरे करा. माही कणीक सुकून राहिली."

टिकारामनं दाराची चौकट धरली. त्याला आणखी काही बोलायचं असावं. पण ठेल्यावरचं हसणं सरेना, आणि हसण्यात असली गोष्ट दुसऱ्यांदा कशी सांगायची? तो मान खाली घालून गेला.

बाबुलाल डबे घेऊन गेला. गयाबाईनं ओटा सारवून घेतला, चूल झाकली आणि पायरीवर बसली. बऱ्याच वेळानं बाबुलालची सायकल बोळात शिरली. कुत्री भुंकली आणि भुंकतच राहिली. खणखणाट नव्हता. रिकामा डबा वाजतो, भरलेला वाजत नाही. ती उठून उभी राहिली.

"गेट म ताला लगे हे, दाई," बाबुलाल म्हणाला. "सेकंड ल जल्दी छोड़ दिन. भीतर अंधियार हे."

तिनं डबे एकेक करून उतरवून घेतले आणि भिंतीशी ओळीनं मांडले. अजून गरम होते.

सकाळी ती सगळं अन्न परत ऊन करून टिकारामच्या खोलीवर घेऊन गेली. पाचसहा जण तिथंच बसलेले. आदल्या दुपारपासून कोणी जेवलं नव्हतं. पगार थकलेला, डबा सांगायचा कोणत्या तोंडानं, म्हणून.

"कावून धड सांगतलं नाही रे मले?" तिनं टिकारामला धारेवर धरलं.

"सांगतलं तं होतं."

"मले वाटलं हासून राहिला तू."

"मी कुठी हासलो?" टिकाराम म्हणाला. "हासला तं हिरालाल."

गयाबाईनं डब्यांची झाकणं काढली. ती वाढायला बसली.

हे मला बाबुलालनं सांगितलं. हिरालालला कोणी सांगितलं ठाऊक नाही, पण त्या दिवसापासून पत्र्यावरची थाप बंद झाली. आठ वाजले की ठेल्यावरचे डोळे पत्र्याकडं जायचे. सगळ्यांना थाप आठवायची आणि कोणी मारायचं नाही.

हिवाळ्यात सेकंडही गेली. टिकारामला रायपूरकडं काम लागलं, गुलाब गावी गेला. काळे दोरे एका डब्यात गुंडाळून ठेवले गेले. गयाबाईनं इकडंतिकडं विचारलं. प्लांटच्या ठेकेदाराची चारदोन माणसं मिळाली, पण ती महिन्यात बदलायची. खोलीचं भाडं काढायला तिनं लोकांच्या घरच्या कार्याचा स्वयंपाकही धरला.

त्यातलं एक कार्य देवरावचं. त्याला दुर्गला घर बांधायचं होतं कितीतरी वर्षं. लोखंडाच्या भावामुळं अडलं होतं, ते त्या साली मोकळं झालं. स्लॅब टाकायचा त्या दिवशी मजुरांना जेवण द्यायची आपल्याकडं रीत. गयाबाईला बोलावलं. मीही गेलो. देवराव मोठा खुशीत होता आणि असायलाच हवा होता. जन्मभर क्वार्टरात राहिलेला माणूस स्वतःच्या छताखाली उभा होता. वर सळयांची जाळी बांधून तयार, एका कोपऱ्यात खालच्या फळ्या अजून लावायच्या राहिलेल्या, तिथून ऊन चौकटी चौकटींनी खाली पडलेलं. गयाबाई वरणाची बादली घेऊन त्या उन्हात थांबली आणि तिनं वर पाहिलं.

"देवरावभाऊ, हे लोखंड कुठचं जी?"

"बाहेरचं! निम्म्यात काम झालं म्हणा ना."

"म्हंजे हेच का ते, कमी ड्यूटीचं?"

देवराव हसला. "हेच! तुमच्या ध्यानात राहिलं की अजून!"

"राहिलं," ती म्हणाली. आणखी क्षणभर वर बघत राहिली, घर बघायला आलेली बाई छत बघते तसं. मग पंक्तीत वाकली आणि विचारायला लागली, "वरण पाहिजे का बापा? लाजू नको, पोटभर जेव."

देवरावनं उचललेला घास परत पानावर ठेवला, असं मला वाटलं. पण माझ्या डोळ्यांवर फार जाऊ नका. मला गोष्टी जशा हव्या तशा दिसतात, असं साधना म्हणते.

संक्रांत झाली आणि धोंडबा आला. आता केस पिकलेले. त्याला कोणी पत्र धाडलं नव्हतं. साकोलीकडं परत गेलेल्या मिलवाल्यांकडून त्याला कळलं होतं. त्यानं काही टोमणा मारला नाही, हेच गयाबाईला जड गेलं असावं. तो नुसता म्हणाला, "चला वहिनी. चूल इझली म्हणते."

सामान ते केवढं! एक पेटी, एक वळकटी, दोन पातेली. डबे तिनं बाबुलालला देऊन टाकले. धोंडबा सामान बांधत होता, तर ती आपल्या मोठ्या पोळ्यांचा लोखंडी तवा घेऊन आली.

"हा कावून, वहिनी? वजन होईन. घरी तवा आहे न."

"तो तुमचा आहे," गयाबाई म्हणाली. "हा माहा. हा येईन."

धोंडबानं तिच्याकडं पाहिलं आणि तवा पोत्यात घातला.

मी ठेल्यावरच होतो. देवरावही होता. गाडी पावर हाऊस स्टेशनवरून धरायची होती, रिक्षा बोळाच्या तोंडाशी उभी. गयाबाई पत्र्याला वळसा घालून पुढं आली. पंधरा वर्षांत ती ठेल्याच्या समोर आल्याचं मला आठवत नाही. तिचं सगळं जग पत्र्याच्या मागं. तिनं मला जवसाच्या चटणीची पुडी दिली. "घरी द्या वहिनीले," म्हणाली. मग हिरालालकडं वळली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्याच्याच चालीत, त्याच्याच सुरात म्हणाली,

"हिरालालभाऊ, गयाबाई की ड्यूटी बंद. आज आधी रात से."

मी पान थुंकायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

"हासा न आता," ती म्हणाली.

देवरावनं ट्रान्झिस्टर बंद केला. तो बजेट काही सांगत नव्हता, साधी गाणी चालली होती. रिक्षा हलली, तसा पोत्यातला तवा पेटीवर एकदा आपटून वाजला. हिरालालनं मान खाली घातली, एक पान घेतलं, पुसलं, त्याला चुना लावला, कात लावला, सुपारी कातरली, विडा बांधला, आणि समोर कोणी मागितलेला नसताना तो तसाच हातात धरून बसला.